कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर : शोकात्मिकेतील हिंसा आणि तिचा सांस्कृतिक परिसर

शोकात्मिका म्हटली की मृत्यू आला, आणि मृत्यू आला की तो कोणाच्या हातून, कोणासमोर आणि कोणत्या नावाने घडतो हा प्रश्न येतो. रंगभूमीवरील हिंसा ही केवळ नाटककाराच्या कल्पनाशक्तीची निर्मिती नसते. तो ज्या समाजात वाढतो, त्या समाजाने काय पाहण्याची सवय लावून घेतली आहे आणि काय उघड बोलण्याची त्याला मुभा नाही, यांवर तिचे रूप ठरते. प्राचीन रोममधील सेनेका हे या विधानाचे जगभर दिले जाणारे उदाहरण होय. मराठीत त्याच तोडीचे उदाहरण नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे आहे. या घटकात आपण खाडिलकरांचे चरित्र या दृष्टीने पाहणार आहोत, आणि जेथे प्रकाश पडेल तेथे रोमकडेही वळणार आहोत.

सांगली आणि पुणे

खाडिलकरांचा जन्म नोव्हेंबर १८७२ मध्ये सांगली येथे झाला. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा प्रयोग केला, त्याच गावात मराठी नाटकाच्या पुढच्या पर्वाचा हा शिल्पकार जन्मावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. भाव्यांच्या परंपरेतील पौराणिक नाटकांत राक्षसपार्टी हा मोठा आकर्षणाचा भाग असे. आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट, युद्ध आणि अखेरीस राक्षसाचा वध हे सर्व प्रेक्षकांपुढेच चाले. आपल्यापैकी जे कोकणातून, रत्नागिरी तालुक्यातील पूर्णगडसारख्या खाडीकाठच्या गावातून हा अभ्यासक्रम करीत असतील, त्यांना यात काही नवे वाटणार नाही. शिमग्यातील संकासूर आणि नमनातील रावण त्यांनी पाहिलेले असतात. तेथे असुर मरतो तेव्हा पोरेसोरे घाबरत नाहीत, आनंदतात, कारण तो मरणारच हे सर्वांना ठाऊक असते. या हिंसेत दुःख नाही, दहशतही नाही. तिला विधीचे रूप आलेले आहे.

शिष्ट संस्कृत परंपरा मात्र याच्या उलट दिशेने गेली होती. युद्ध, राज्यनाश, मृत्यू या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून कळवाव्यात, असा नाट्यशास्त्राचा संकेत आहे. या संकेताला अपवाद ठरणारे भासाचे ऊरुभंग खाडिलकरांच्या तरुणपणी अज्ञातच होते. त्रिवेंद्रमहून भासाची नाटके प्रसिद्ध होऊ लागली ती १९१२ पासून. म्हणजे रंगभूमीवरील मृत्यूविषयी खाडिलकरांच्या हाती दोन वारसे होते : एक जत्रेतील असुरवधाचा, दुसरा संस्कृत नाट्यशास्त्राच्या निषेधाचा. तिसरा त्यांना पुण्याच्या महाविद्यालयांत मिळाला.

सांगलीस शालेय शिक्षण संपवून ते पुण्यास आले, प्रथम फर्ग्युसन आणि नंतर डेक्कन महाविद्यालयात शिकले आणि १८९२ मध्ये बी. ए. झाले. त्या पिढीच्या पदवीधरांवर शेक्सपिअरची मोहिनी किती होती हे सांगावयास नको. आगरकरांचे विकारविलसित १८८३ मध्ये आले होते, देवलांचा झुंझारराव १८९० मध्ये. येथे एक दुवा लक्षात घ्यावा, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत तो बहुधा सुटतो. शेक्सपिअरच्या शोकात्मिकेतील भूत, सूडाची शपथ, लांबलचक स्वगते आणि रक्ताने भिजलेला शेवट यांचा एक महत्त्वाचा उगम सेनेकाच्या नाटकांत आहे. त्याच्या नाटकांची इंग्रजी भाषांतरे १५८१ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली होती आणि लंडनचे नाटककार ती वाचत होते. रोमचा वारसा असा इंग्लंडमार्गे, परीक्षेच्या क्रमिक पुस्तकांतून, पुण्यास पोहोचला. तो कोणी मुद्दाम आणला नाही, हे विशेष.

सेनेकाचा जन्म इ. स. पू. ४ च्या सुमारास कोर्डोबा येथे झाला. आठ वर्षे कॉर्सिका बेटावर हद्दपारी, पुढे राजपुत्र नीरोचे शिक्षकपद, राजदरबारातील सत्ता आणि अखेर इ. स. ६५ मध्ये त्याच नीरोच्या आज्ञेने आत्महत्या, अशी त्याची जीवनरेषा आहे. ज्या समाजात तो लिहीत होता तेथे माणसे मरताना पाहणे ही सार्वजनिक करमणूक होती. दुपारच्या वेळी रिंगणात गुन्हेगारांना एकमेकांस मारावयास लावीत, त्याचे विषण्ण वर्णन त्याने स्वतः एका पत्रात केले आहे. त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, इ. स. ८० मध्ये, रोमच्या नव्या प्रेक्षागारात एका दंडित कैद्याला लॉरिओलस या नाटकातील दरोडेखोराची भूमिका देऊन खरोखरच खांबावर चढविण्यात आले आणि अस्वलाकडून फाडविण्यात आले. नाटक आणि देहदंड यांतील सीमारेषाच तेथे पुसली गेली होती. अशा प्रेक्षकांसाठी मिडियाने मुलांना पडद्याआड मारावे, हा होरेसचा सल्ला सेनेकाने मानला नाही, यात नवल ते काय?

सवाई माधवरावांचा मृत्यू

पदवीनंतर खाडिलकर सांगलीच्या शाळेत शिक्षक झाले. १८९३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी पहिले नाटक लिहिले. ते प्रथम विविधज्ञानविस्तार मासिकातून प्रसिद्ध झाले आणि रंगभूमीवर आले ते १९०६ मध्ये. १७९५ मध्ये शनिवारवाड्यातील कारंज्यावर पडून झालेला एकवीस वर्षांच्या पेशव्याचा अंत हा त्याचा विषय. नायकात हॅम्लेट आहे, तर संशयाचे विष पेरणाऱ्या केशवशास्त्र्यात इयागो आहे. दोन नाटकांची अशी सांगड घालण्याचा मोह तरुण लेखकालाच होऊ शकतो, आणि माझ्या मते नाटकातील काही जडपणा त्यातूनच आला आहे. परंतु या पहिल्या कृतीत हिंसेचे स्थान पाहण्याजोगे आहे. येथे मारेकरी नाही. तरुण मन पोखरले जाते आणि माणूस स्वतःलाच संपवितो. पेशवाई जाऊन पाऊणशे वर्षे झालेल्या, सन १८५७ च्या आठवणी दबक्या आवाजात सांगणाऱ्या समाजात पराभव हा आतून झाला, ही भावना खोल होती. माधवरावांच्या मृत्यूत तिला आकार मिळाला. मराठीतील पहिली शोकात्मिका म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्या विनायक जनार्दन कीर्तने यांच्या थोरले माधवराव पेशवे (१८६१) या नाटकाचाही शेवट एका पेशव्याच्या अकाली मृत्यूनेच झाला होता, हे येथे आठवावे.

वध की खून?

खाडिलकर पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी पुण्यास परतले आणि १८९६-९७ च्या सुमारास टिळकांच्या केसरीत दाखल झाले. ती वर्षे सामान्य नव्हती. पुण्यात प्लेग होता. जून १८९७ मध्ये चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच सुमारास शिवाजी महाराजांनी अफझलखानाला मारले ते योग्य की अयोग्य, या चर्चेतील लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एका ऐतिहासिक मृत्यूला कोणता शब्द लावावा हा प्रश्न तेव्हा न्यायालयात गेला होता, असेच म्हणावे लागेल.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. मराठीत मारण्याच्या कृतीसाठी अनेक नामे आहेत आणि ती एकमेकांची जागा घेत नाहीत. वध हा शब्द पुराणांतून येतो. कंसवध, शिशुपालवध, रावणवध असे आपण म्हणतो, आणि म्हणताच मरणारा अधर्मी व मारणारा न्याय्य ठरून जातो. हत्या या शब्दाला पापाचा वास आहे : गोहत्या, ब्रह्महत्या, भ्रूणहत्या. खून हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ रक्त, पण मराठीत तो कोतवाली आणि कचेरी यांच्या भाषेत स्थिरावला. मृत्यू तटस्थ आहे. एखादी घटना वाक्यात येण्यापूर्वीच तिचा निवाडा करण्याची शक्ती या नामांत आहे. लॅटिनमध्ये रक्तासाठी दोन शब्द आहेत : देहात वाहणारे ते सांग्विस आणि जखमेतून सांडलेले ते क्रुओर. रोमन लेखक त्यांतील भेद कौशल्याने वापरीत. पण तो भेद रक्ताच्या स्थितीचा आहे, न्यायान्यायाचा नाही. मराठी शब्द पक्ष घेतात. खाडिलकरांच्या दोन नाटकांच्या नावांत एकदा मृत्यू आणि एकदा वध येतो, हे यानंतर सहज घेता येणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी खाडिलकर काही काळ नेपाळात होते. बाहेरून तो कौलांच्या कारखान्याचा उद्योग होता. त्यामागे शस्त्रनिर्मितीचा हेतू होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तो बेत तडीस गेला नाही.

कीचकवध

१९०५ मध्ये लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली आणि त्याच वर्षी तो हिंदुस्थानातून गेला. १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने खाडिलकरांचे कीचकवध रंगभूमीवर आणले. कथा विराटपर्वातील. अज्ञातवासातील पांडव विराटाच्या घरी चाकरी करीत आहेत. राजाचा मेहुणा आणि सेनापती कीचक सैरंध्रीची, म्हणजे द्रौपदीची, मागणी करतो. राजा दुबळा आहे. कंकभट्टाच्या वेषातील युधिष्ठिर धीर धरावयास, सनदशीर मार्गाने वागावयास सांगतो. बल्लवाच्या वेषातील भीमाला तो धीर सोसत नाही. अखेर भीमाच्या हातून कीचक मरतो.

कथा प्रेक्षकांना पाठ होती, आणि नाटकाची ताकद नेमकी त्यातच होती. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीत नाटककाराने फक्त भर कोठे द्यावयाचा ते बदलले. महाभारतात भीम कीचकाच्या देहाचा अक्षरशः मांसगोळा करतो. ते वर्णन भयानक आहे. खाडिलकरांचा रस त्या मांसगोळ्यात नाही. त्यांचा रस कंकभट्ट आणि बल्लव यांच्यातील वादात आहे : अपमान किती सोसावा, अर्जविनंत्या कोठे थांबाव्यात, अबलेच्या रक्षणासाठी अज्ञातवासाचा नियम मोडावा काय? हाच वाद त्या काळी मवाळ आणि जहाल यांच्यात सभेसभेतून चालला होता. प्रेक्षक घरी जाताना कीचकाचा विचार करीत नसत. आपण कंक आहोत की बल्लव, हे स्वतःला विचारीत असत.

रंगभूमीवरील हिंसा दोन प्रकारची असू शकते. एक डोळ्यांना तृप्त करणारी, दुसरी मनाला प्रश्न घालणारी. सेनेकाच्या रोमला पहिलीचे वेड होते. सिसेरोच्या एका पत्रावरून दिसते की इ. स. पू. ५५ मध्ये पाँपीच्या नाट्यगृहाच्या उद्घाटनास क्लायटेम्नेस्ट्रा या शोकात्मिकेत सहाशे खेचरे रंगमंचावरून नेण्यात आली होती, आणि त्या भपक्याला तो विटला होता. खाडिलकरांचा प्रेक्षक गुलाम होता. त्याच्याकडे शस्त्र नव्हते, आणि सभेत उघड बोलावे तर राजद्रोहाचे कलम होते. म्हणून त्याला खेचरांची मिरवणूक नको होती, वाद हवा होता. जुन्या जत्रेतील असुरवधाचा निर्धास्त आनंद आणि शेक्सपिअरकडून शिकलेली मनोविश्लेषणाची रीत, या दोहोंचा सांधा कीचकवधात जुळला. असुर मरणारच ही श्रद्धा जत्रेची. तो आज, कोणी मारावा, हा प्रश्न मात्र नवा होता.

राज्यकर्त्यांनाही हे समजले. लंडनच्या टाइम्सचा लेखक व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० च्या आपल्या इंडियन अनरेस्ट या पुस्तकात या नाटकाचा सविस्तर उलगडा केला : कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. नाटकात इंग्रजांचे नाव कोठेही नाही. येथे रोममधील एक प्रसंग आठवतो. इ. स. ३४ मध्ये मामेर्कस स्काउरस या सरदाराने एट्रियस या क्रूर राजावर शोकात्मिका लिहिली. सम्राट टायबेरिअसला त्या पौराणिक जुलमी राजात आपले प्रतिबिंब दिसले. इतर आरोपही ठेवले गेले आणि स्काउरसला आत्महत्या करावी लागली. पुराणातील दुष्टाला ओळखण्याचे काम दोन्ही ठिकाणी सत्ताधीशांनीच केले. जो स्वतःला कीचक म्हणून ओळखतो, तो नाटकाला अर्ध्याहून अधिक दाद देऊन बसतो!

फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. सेनेकाच्या थायेस्टीस नाटकात एट्रियस जिंकतो. तो सख्ख्या भावाच्या मुलांना वेदीवर मारतो, त्यांचे मांस भावालाच खाऊ घालतो आणि शेवटी उन्मत्तपणे उभा राहतो. त्या जगात भीम नाही. सम्राटाच्या दरबारात बसून लिहिणाऱ्याला भीमाची कल्पनाही करता आली नसावी, असे मला वाटते. खाडिलकर सत्तेच्या बाहेर होते. बाहेर असलेल्याला शेवट वेगळा दिसतो.

आपण आतापर्यंत वाचलेले पडताळून पाहण्यासाठी येथे वाचन थांबवून आपल्या गावच्या जत्रेतील, दशावतारातील किंवा तमाशातील एखादा वधाचा प्रसंग आठवावा, आणि तेथे प्रेक्षक कोणत्या क्षणी हसतात व कोणत्या क्षणी गप्प होतात, हे पाच-सहा ओळींत लिहून ठेवावे.

भाऊबंदकी आणि नाशिकचे नाट्यगृह

१९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. केसरीची संपादकीय जबाबदारी काही काळ खाडिलकरांवर आली. याच धामधुमीत १९०९ मध्ये भाऊबंदकी रंगभूमीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून, राघोबादादांची महत्त्वाकांक्षा, आनंदीबाईंचे कारस्थान, आणि ध चा मा ही एका अक्षराच्या फेरफाराची परंपरागत कथा आपणांस परिचित आहे. आनंदीबाईंवर लेडी मॅक्बेथची छाया आहे, हे समीक्षकांनी वारंवार दाखविले आहे. मला अधिक लक्षणीय वाटते ते थायेस्टीसशी असलेले नकळत साम्य. दोन्हीकडे राज्यासाठी काका पुतण्याच्या जिवावर उठतो. पण सेनेकाच्या नाटकात खुनाची हकिगत निवेदक सांगतो आणि वृंद हळहळतो. त्यापुढे काही घडत नाही. अपराध्याला जाब विचारणारे कोणी तेथे नाही. भाऊबंदकीत रामशास्त्री आहेत. ते सत्ताधीशाच्या तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगतात. पेशव्यांच्या इतिहासातील या न्यायाधीशाची स्मृती महाराष्ट्राने जपून ठेवली होती, म्हणून खाडिलकरांना तो सापडला. स्मृतीही परिसराचाच भाग असते. आणि परसत्तेच्या न्यायालयाने नुकतीच टिळकांना शिक्षा दिलेली असताना आपल्या न्यायाधीशाला सिंहासनापुढे निर्भयपणे बोलताना पाहणे, हे त्या प्रेक्षकांसाठी किती अर्थांनी भरलेले असेल, याची कल्पना करावी.

२१ डिसेंबर १९०९ रोजी रंगभूमी आणि हिंसा यांच्यातील अंतर काही क्षणांत नाहीसे झाले. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या शारदा नाटकाच्या प्रयोगाला जिल्हाधिकारी जॅक्सन आला असता अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. अनंत हा रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचा. एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. शारदा हे बाला-जरठ विवाहावरचे नाटक आहे. त्यात रक्ताचा थेंब नाही. ज्या नाट्यगृहात प्रत्यक्ष रक्त सांडले तेथे वधाचे नाटक चालू नव्हते, आणि वधाच्या नाटकाच्या प्रयोगांत प्रेक्षक शांतपणे घरी गेले होते. नाटकातील हिंसा पाहून माणसे हिंसक होतात, या सोप्या सिद्धान्तापुढे हे दोन प्रसंग ठेवून पाहावेत. अर्थात सरकारला असे बारकावे नको होते. १८७६ च्या कायद्याने नाट्यप्रयोग थांबविण्याचा अधिकार त्यास दिलेलाच होता. जानेवारी १९१० मध्ये मुंबई सरकारने कीचकवधावर बंदी घातली. ती उठावयास बरीच वर्षे लागली.

बंदीनंतर

१२ मार्च १९११ रोजी संगीत मानापमान रंगभूमीवर आले. तिखट गद्य नाटककार एकदम संगीताकडे वळला, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. बंदी हे त्याचे एकमेव कारण नसावे, पण ती डोळ्यांआड करता येणार नाही. यापुढे हिंसा त्यांच्या नाटकांतून गेली नाही, तिने वेष पालटला. विद्याहरणात (१९१३) असुर कचाला जाळतात आणि त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांना पाजतात. मनुष्यदेह नकळत गिळण्याचा हा प्रसंग थायेस्टीसच्या मेजवानीइतकाच भीषण आहे. परंतु आपल्या कथेत संजीवनी विद्या आहे, मेलेला परत येतो, आणि आचार्य मद्याचा त्याग करतात. रोमन बापाला मात्र मुले परत मिळत नाहीत, उलट सूर्यच मागे फिरतो. एकाच कल्पनेला दोन संस्कृतींनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

स्वयंवर (१९१६) सुरांनी गाजले. द्रौपदी (१९२०) विषयाने पुन्हा त्याच नायिकेकडे आले, पण कीचकवधातील सैरंध्रीचा दाह त्यात शोधू नये. गंधर्व नाटक मंडळीच्या झगमगाटात वस्त्रहरणाचा अपमानदेखील प्रेक्षणीय होऊन बसला. पाँपीच्या खेचरांची येथे आठवण झाली तर ती अनाठायी नव्हे.

दरम्यान पहिल्या महायुद्धावर त्यांनी चित्रमयजगतात विस्ताराने लिहिले. टिळकांच्या निधनानंतर त्यांनी केसरी सोडला, काही काळ लोकमान्य हे दैनिक चालविले, आणि १९२३ मध्ये मुंबईत नवाकाळ सुरू केले. १९२९ मध्ये नवाकाळातील लेखनाबद्दल त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली. नाटकासाठी जे झाले नव्हते ते अग्रलेखांसाठी झाले. १९३३ मध्ये नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. उत्तरायुष्यात ते वेद-उपनिषदांच्या चिंतनात रमले. २६ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढील घटकात आपण भाऊबंदकीतील रामशास्त्र्यांचा प्रवेश ओळीओळीने वाचणार आहोत. नाटकाची संहिता जवळ ठेवावी, आणि त्यातील पात्रे नारायणरावांच्या मृत्यूसाठी कोणकोणते शब्द वापरतात, त्यांवर आधीच खुणा करून ठेवाव्यात.